गल्लीकडे तोंड केलेला टीव्ही

“हा डबा दाराबाहेर गेला तर त्याच्या मागं तू पण जा,” बालाजीराव म्हणाले.

“जाते की,” रंजनी म्हणाली. “आधी एका बाजूनं धरा. जड आहे.”

तो डबा म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. पाठीला कुबड असलेला, पुढं फुगीर काचेचा, आतून गरम होणारा. डोकं पण माझं तसंच आहे, लगेच तापतं. मला डबा म्हणलेलं चालत नाही. पण त्या दिवशी कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. भांडण माझ्यावरून होतं, माझ्याबद्दल नव्हतं.

रंजनी बालाजीरावांची मुलगी. सतरावं लागलेलं, शाळा सोडलेली. मला उचलून ती सेंटरवर नेणार होती, आणि बालाजीरावांना त्या सेंटरचं नाव पण ऐकायचं नव्हतं.

“तिथं जाऊन काय करुलालीस ते मला कळतंय,” ते म्हणाले. ह्या घरातली मराठी तंजावरची, जुनी. बाहेर सगळे तमिळ बोलायचे, उंबरा ओलांडला की हे असं. “कॅमेरा गळ्यात घालून गल्लीभर हिंडायचं. बाहुल्यांचा खेळ नुसता.”

“मग बाहुलीला टीव्ही द्या की, अप्पा.”

शेवटी आतून राजसबाई आल्या, रंजनीची आई. त्यांनी माझ्या डोक्यावरचं वडामचं, म्हणजे तांदळाच्या कुरडयांचं, ताट उचललं आणि म्हणाल्या, “घेऊन जा ग. इथं त्याच्यावर वडामच वाळतात.” झालं. मी गेलो.

वडाम वाळत घालायच्या आधी माझे पण दिवस होते, बरं का. मला फॅक्टरीत कुणी जोडलं ते मला आठवत नाही. पाठीवर कागद होता, त्यावर लिहिलेलं असणार. तो कधीच निघून गेला. पहिली आठवण म्हणजे बालाजीरावांचं घर. चेन्नईत जॉर्ज टाउनच्या मागच्या अंगाला, जिथं हार्बरचा भोंगा ऐकू येतो, तिथल्या एका गल्लीतली दीड खोली. मला हार घातला होता, कुंकू लावलं होतं. गल्लीत तेव्हा दुसरा रंगीत टीव्ही नव्हता. रविवारी सिनेमा लागला की दारात एवढी माणसं की वारा आत येत नसे.

तुम्हाला वाटतं लोक टीव्ही बघतात. उलटं असतं. टीव्ही लोकांना बघतो. समोर बसलेला माणूस आपलं तोंड विसरून जातो ना, तेव्हा ते तोंड मी बघतो. राजसबाई सीरियलमधल्या सासूवर मनातल्या मनात चिडायच्या, आणि त्यांचा खालचा ओठ हलायचा. बालाजीराव क्रिकेट बघताना शेवटच्या ओव्हरला भिंतीकडे तोंड करून बसायचे. रंजनी रांगायची तेव्हा माझ्या काचेवर थपडा मारायची आणि हातावरचे केस उभे राहिले की हसायची.

मग चपटा टीव्ही आला. मला राग आला, सांगून ठेवतो. तो भिंतीला पाठ लावून उभा, बारीक, आणि त्याचा काळा रिमोट घेऊन सगळे त्याच्याकडे. मला कोपऱ्यात सरकवलं. आधी एक चादर. मग इस्त्रीचे कपडे. मग वडाम. बघणारं कुणी नसलं की टीव्ही म्हणजे नुसतं फर्निचर, ते पण वाईट.

रंजनी पण त्याच वर्षी अशीच कोपऱ्यात गेली. नववीत टीचरनी एका मुलीला कॉपी केली म्हणून उभं केलं. तिनं केली नव्हती. रंजनी उठून तोंडावर म्हणाली, “तिनं नाही केली, तुम्ही चुकलात.” हेडमिस्ट्रेसनी माफी मागायला सांगितलं. बालाजीराव म्हणाले, “माग आणि विषय संपव. शब्दच आहेत.” रंजनी म्हणाली, “चूक कुणाची?” आणि ती परत शाळेत गेली नाही. त्यानंतर बाप आणि मुलगी एका ताटलीतला वडाम पण भांडल्याशिवाय खात नव्हते. चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत जयंतीआत्याचा नवरा होता. त्याला सांगून बालाजीरावांनी रंजनीसाठी तिथं काम ठरवून ठेवलं होतं. दिवाळीनंतर फॅक्टरीची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी येणार आणि तिनं त्यात बसायचं. तिला विचारलं नव्हतं.

सेंटर म्हणजे सायकल दुकानाच्या वरची एक खोली. तिथं कयल अक्का गल्लीतल्या पोरांना शिकवायच्या. शाळेत जाणारी, न जाणारी, सगळी चालायची. एक कॅमेरा, एक घरघर करणारा कॉम्प्युटर, कॉलरला लावायचा एक छोटा माइक. पोरं गल्लीतलं काहीतरी शूट करायची, कॉम्प्युटरवर कापायची, जोडायची आणि महिन्यातून एकदा गल्लीला दाखवायची. कार्यक्रमाचं नाव “एंग तेरु”, म्हणजे आमची गल्ली. दाखवायला पडदा नव्हता. म्हणून मी.

मला एका ढकलगाडीवर बसवलं. सकाळी त्या गाडीवर केळी असायची. संध्याकाळी केळीवाला गाडी द्यायचा, पोरं मला चढवायची, दोरानं बांधायची, कुणाच्या तरी दुकानातून वायर ओढायची. पहिल्या दिवशी त्यांनी मोठा स्पीकर माझ्या कानाला टेकवून ठेवला. स्पीकरमध्ये चुंबक असतो. रेशन दुकानदाराचं तोंड अर्धं जांभळं, अर्धं हिरवं दिसलं. सगळी गल्ली हसली. दुकानदार पोरांना मारायला उठला. तेव्हापासून स्पीकर लांब. डाव्या बाजूला एक चापट मारली की माझं चित्र स्थिर होतं, हे पण पोरांना कळलं. चापट मारायचा मान आळीपाळीनं.

मित्रांनो, त्या ढकलगाडीवर मला परत माणसं दिसली. लोक माझ्यात स्वतःला बघायचे. मासेवाली बाई स्वतःला बोलताना बघून पदर नीट करायची, गाडीसमोर उभी राहून, जसं आतली बाई तिलाच बघतेय. इतकी वर्षं मी सिनेमावाल्यांची तोंडं दाखवली. पण लोकांचा श्वास असा अडकलेला कधी बघितला नाही.

कयल अक्कांचा एकच कडक नियम होता. ज्याचं तोंड त्यात, त्यानं आधी बघायचं. गल्लीला दाखवायच्या आधी त्या माणसाला वर बोलवायचं, माझ्यासमोर स्टुलावर बसवायचं. तो म्हणाला हे नको, तर ते काढायचं. पोरं कुरकुरायची. अक्का म्हणायच्या, “तोंड त्याचं आहे, तुझं नाही.”

एका महिन्याचा विषय ठरला, आपल्या माणसाचं काम. रंजनीनं अप्पांचं काम घेतलं. सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. ती त्यांच्याशी भांडायची, पण घरी पेपर वाचतानाही त्यांचाच चष्मा घालायची.

बालाजीराव कागदाच्या घाऊक दुकानात कामाला होते. सोबत तुकोजी, राजसबाईंचे भाऊ, रंजनीचे मामा. मालकाला सगळे मुदलाळी म्हणायचे, तमिळमध्ये मालकाला तेच म्हणतात. कॅमेरा येणार म्हणल्यावर मुदलाळींनी नवा शर्ट घातला. बालाजीराव आधी नाही म्हणाले होते, पण मालकानं होय म्हणल्यावर गप्प बसले. कॅमेरा धरायची पाळी कदिरची होती. तो सायकल दुकानवाल्याचा मुलगा, तमिळ. त्यानं बालाजीरावांच्या कॉलरला माइक लावला. रंजनी बाहेर रस्त्यावर हमालांशी बोलत होती.

आता बालाजीराव आणि तुकोजींची एक जुनी सवय सांगतो. तंजावरकडच्या बऱ्याच मराठी लोकांची असते. चारचौघांत बसायचं आणि समोरच्याबद्दल समोरच मराठीत बोलायचं. कुणाला कळतंय. बसमध्ये, लग्नात, दवाखान्यात. बालाजीराव आणि तुकोजी तर दिवसभर मुदलाळींच्या समोर बसून मुदलाळींबद्दलच बोलायचे, तोंडावर गोड हसू ठेवून. मुदलाळींना वाटायचं घरच्या गोष्टी चालल्यात. ते पण हसायचे.

कॅमेरा समोर होता, माइक गळ्याशी होता, आणि त्यांनी तेच केलं. पोरगा तमिळ, मालक तमिळ. कुणाला कळतंय.

संध्याकाळी कॅमेऱ्याची वायर माझ्या पाठीत लागली आणि बालाजीराव माझ्या काचेवर आले. कागदाची रिमं बांधत होते, बाजूला तुकोजी, मागं खुर्चीत मुदलाळी.

“बघ आमचे महाराज,” बालाजीराव हसत हसत तुकोजींना म्हणाले. “वडा खाल्ला, बोटं नमुन्याच्या कागदाला पुसली. आता तोच कागद गिऱ्हाइकाला दाखवील. म्हणेल बघा काय चमक आहे.”

“तेलाची चमक, भावजी,” तुकोजी म्हणाले.

“बापानं दुकान ठेवलं म्हणून खुर्चीत आहे. नाहीतर ह्याला आपण तरी कामाला ठेवलं असतं का?”

मागं मुदलाळी कॅमेऱ्याकडे बघून मान डोलवत होते. सेंटरवर पोरं बघत होती, कुणालाच काही कळत नव्हतं. मराठी कळणारे तिथं दोघंच, रंजनी आणि मी. मला हसू आलं, चित्र थरथरलं. कुणीतरी चापट मारली.

पण रंजनी हसली नाही. कारण पुढं तुकोजींनी विचारलं, “रंजीचं काय करता? जाईल ती फॅक्टरीत?”

बालाजीराव जरा वेळ दोरीला गाठ मारत राहिले. मग म्हणाले, “कुणास ठाऊक. ती माझ्यासारखी नाही. मी हा असा, समोर हसायचं आणि पाठीमागं बोलायचं. ती तोंडावर बोलते. त्या टीचरला बोलली तेव्हा मी तिला माफी माग म्हणालो. पण मनात म्हणलं, माझ्या पोटी ही कुठून आली. मला कधी जमलं नाही ते.”

रंजनीनं टेप मागं घेतली. परत लावली. परत मागं घेतली. सगळे गेल्यावर पण ती तेवढाच तुकडा बघत बसली. तिचं तोंड माझ्या काचेपासून वीतभर होतं. काय चाललंय ते मला कळत होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

त्या महिन्यात कयल अक्कांनी पोरांना नवीन शिकवलं होतं, चित्राच्या खाली अक्षरं कशी टाकायची. कोण काय बोलतंय ते खाली लिहून येतं. रंजनीनं घरी जाऊन आधी विचारलं. घरचं ती मला दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरशी बसल्या बसल्या सांगायची, म्हणजे स्वतःशी बोलायची. “म्हणलं, अप्पा, वर येऊन बघा. म्हणे मला वेळ नाही, बाहुल्यांचे खेळ बघायला. बरं. नका बघू.” आणि तिनं सगळं तमिळमध्ये लिहून काढलं. वडा पण. तेलाची बोटं पण. खुर्ची पण. एक ओळ सोडली नाही. “तोंडावर बोलायला जमत नाही ना,” ती म्हणाली. “मी बोलते त्यांच्या वतीनं.”

कयल अक्कांनी विचारलं, “अप्पांनी बघितलं?”

“हो,” रंजनी म्हणाली.

मला इतका राग आला म्हणून सांगू. पण टीव्हीचं काय, दुसऱ्यानं घातलेलं तेवढंच दाखवायचं.

दाखवायचा दिवस आला. दुकानं बंद होत होती. गाडी गल्लीच्या मधोमध लावली. रंजनीनंच मुदलाळींना बोलावलं होतं. त्यांच्यासाठी कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली, सगळ्यात पुढं. राजसबाई आल्या, चपट्या टीव्हीवरची सीरियल सोडून. आणि सगळ्यात मागं, बंद शटरला टेकून, बालाजीराव. मालक येणार म्हणल्यावर त्यांना यावं लागलं. तुकोजी बाजूला.

आधी मासेवाली बाई झाली. मग सायकल दुकान. मग बालाजीराव आले. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मुदलाळी स्वतःला मागं खुर्चीत बघून सावरून बसले. पहिल्यांदा बालाजीराव तमिळमध्ये बोलत होते, कागद कुठून येतो, कुठं जातो. मग ते तुकोजींकडे वळले आणि मराठी सुरू झाली. “बघ आमचे महाराज.” खाली तमिळ अक्षरं उमटली.

मागं शटरशी बालाजीरावांनी ती वाचली. ते तोंड मी विसरणार नाही. ते रागावले नाहीत. ते एकदम लहान दिसायला लागले, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे. ज्यानं कॉपी केली नाही त्या मुलासारखे नाही. ज्यानं केली त्याच्यासारखे. तुकोजी वाकून चपला शोधायला लागले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

रंजनी माझ्या बाजूला उभी होती. ती अप्पांकडेच बघत होती, सुरुवातीपासून. तिला वाटलं असेल की त्यांचा चेहरा बघून बरं वाटेल.

पुढची ओळ वड्याची होती.

तिनं आडवा हात माझ्या काचेवर टाकला. कोपरापासून बोटांपर्यंत, बरोबर अक्षरांवर. तिच्या हातावरचे सगळे केस उभे राहिले, लहानपणी राहायचे तसे.

“ए, हात काढ,” कदिर ओरडला.

“काही दिसत नाही,” मागून पोरं.

“अगं रंजनी, आम्ही वाचतोय ना,” मुदलाळी म्हणाले. “तुझे अप्पा माझ्याबद्दल काहीतरी म्हणतायत. मी मागं दिसतोय.”

तिनं हात काढला नाही. आवाज चालूच होता. बालाजीरावांचं मराठी सगळ्या गल्लीवरून चाललं होतं, तेलाची बोटं, बापाचं दुकान, खुर्ची, आणि कुणाला काही कळत नव्हतं. राजसबाईंना कळत होतं. त्यांनी पदर तोंडात धरला. कयल अक्का रंजनीकडे आल्या, तिचं तोंड बघितलं आणि थांबल्या. त्यांना भाषा येत नव्हती, पण नियम कुठं मोडलाय ते त्यांना कळलं.

मग तुकोजींचा प्रश्न आला. रंजीचं काय करता?

रंजनीनं हात काढून घेतला.

ती माझ्या बाजूलाच उभी राहिली, पण आता अप्पांकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. खाली अक्षरं येत गेली. ती तोंडावर बोलते. मी तिला माफी माग म्हणालो. मला कधी जमलं नाही. गल्लीनं वाचलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजाऱ्यानं वाचून दाखवलं. बालाजीरावांनी पण वाचलं, स्वतःचंच बोलणं, दुसऱ्या भाषेत, मुलीच्या स्पेलिंगच्या चुकांसकट.

चित्र संपलं. मुदलाळी खुर्चीत वळले. “बालाजी, मुलीचं ते वाचलं. चांगलं होतं. त्याच्या आधी माझ्याबद्दल काय म्हणालात?”

सगळ्यांनी मागं बघितलं. बालाजीरावांच्या तोंडावर ते गोड हसू यायला लागलं, दुकानातलं. मला ते ओळखीचं होतं. अर्ध्यावर आलं आणि थांबलं. रंजनीनं मान वर केली होती.

“म्हणालो,” बालाजीराव म्हणाले, आणि घसा साफ केला. “म्हणालो, वडा खाऊन बोटं नमुन्याच्या कागदाला पुसू नका.”

गल्ली इतकी हसली की केळीवाल्याची गाडी हलली. मुदलाळी हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

“आणखी काय म्हणालात?”

“ते उद्या दुकानात सांगतो,” बालाजीराव म्हणाले. “तिथंच सांगायला पाहिजे होतं.”

त्या रात्री त्यांच्या घरी काय झालं मला माहीत नाही, मी सेंटरवर होतो. दुसऱ्या दिवशी रंजनी आली आणि कयल अक्कांना म्हणाली, “मी खोटं सांगितलं. त्यांनी बघितलं नव्हतं.” अक्कांनी तिच्याकडून कॅमेरा काढून घेतला. पुढचे काही महिने ती वायरी गुंडाळायची, दुसऱ्यांचे माइक लावायची आणि मला चापटा मारायची, गरज नसताना पण. नोकरीचं म्हणाल तर बालाजीराव दुकानात गेले आणि संध्याकाळी परत आले. मुदलाळी बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे. आता वड्याबरोबर पेपरचा तुकडा ठेवतात म्हणे. बालाजीराव आणि तुकोजी अजून मराठीत बोलतात, पण तुकोजी सांगतात, पूर्वीची मजा राहिली नाही, भावजी मध्येच तमिळमध्ये सांगून टाकतात.

दिवाळीनंतर व्हॅन आली. रंजनी गल्लीच्या तोंडाशी गेली आणि जयंतीआत्याच्या नवऱ्याला तोंडावर म्हणाली की ती येत नाही. बालाजीराव तिच्या शेजारी उभे होते. व्हॅन गेली.

मित्रांनो, माझं चित्र आता कडेनं काळं पडत चाललंय. डावीकडची चापट पण पूर्वीसारखी पुरत नाही. घरात तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी कोपऱ्यात असेल तर त्याच्यावरचे वडाम जरा बाजूला काढा आणि त्याला लोकांसमोर बसवा. आणि तुमच्या हातात कॅमेरा आला तर घाई करू नका. ज्याचं तोंड आहे, त्याला आधी स्टुलावर बसवा. तो नाही म्हणाला तर भांडा हवं तर. पण विचारा.

आज नवीन भाग आहे. रंजनीला कॅमेरा परत मिळालाय. दुपारी बालाजीराव वर आले, माझ्यासमोर स्टुलावर बसले, चष्मा तिच्याकडून मागून घेतला आणि सगळं बघितलं. एक ओळ काढायला लावली. रंजनी भांडली. मग काढली. आता ते खाली आलेत, मला गाडीवर चढवून दोर बांधतायत. त्यांना गाठ चांगली मारता येते, रिमं बांधून बांधून. मी त्यांना बरंच सांगितलं असतं, पण गाडी हलली. मला जायचंय.